वाचकांचे प्रश्न : ‘ड’ जीवनसत्त्व, गर्भारपण आणि वंशाने आलेली जनुके

गर्भवतींच्या आहाराविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नाशिक शहर आणि जिल्ह्यातील असून, त्यांतील अनेकांमध्ये ‘ड’ जीवनसत्त्वाचा रिपोर्ट आणि ‘हे आमच्या वंशातच आहे का’ हा प्रश्न जोडीने आला आहे. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. वाचकांची नावे त्यांच्या विनंतीवरून गाळली आहेत. रिपोर्टमधील सर्व आकडे नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या मापात आहेत. ज्यांच्या रिपोर्टवर नॅनोमोल हे माप असेल त्यांनी आपल्या आकड्याला अडीचने भागावे.

प्रश्न : मी गंगापूर रोड भागात राहते. मला पाचवा महिना सुरू आहे आणि माझी धाकटी जाऊही गर्भवती आहे. आम्ही एकत्र राहतो, जेवण एकाच स्वयंपाकघरातले, उन्हात जाणे-येणेही सारखेच. दोघींचे ‘ड’ जीवनसत्त्व कमी आल्यामुळे डॉक्टरांनी आठ आठवडे दर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दिली. जावेची पातळी १४ वरून ३८ झाली. माझी १६ वरून जेमतेम १९. एका नातेवाइकांनी सांगितले की हा जनुकांचा दोष आहे, आणि एका लॅबने जनुकीय चाचणीही सुचवली आहे. हा दोष बाळाला जाईल का? चाचणी करून घ्यावी का?

उत्तर : आपले नातेवाईक म्हणतात त्यात तथ्य आहे; परंतु तीन अंकांचा हा फरक केवळ जनुकांच्या माथी मारता येणार नाही.

‘ड’ जीवनसत्त्व शरीरात बऱ्याच टप्प्यांनी तयार होते आणि प्रत्येक टप्प्यावर एकेका जनुकाचा हात असतो. त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या पदार्थावर उन्हातील अतिनील ‘ब’ किरणे पडली की ‘ड३’ तयार होते. परंतु याच कच्च्या मालापासून कोलेस्टेरॉल बनवणारे एक विकर (एन्झाइम) शरीरात असते आणि त्याचे जनुक डीएचसीआर ७ हे आहे. ते विकर जितके जोमाने काम करील तितका ‘ड’ जीवनसत्त्वाच्या वाट्याला येणारा माल कमी होतो. पुढे यकृतात सीवायपी २आर१ या जनुकाचे विकर त्यावर प्रक्रिया करते आणि जो पदार्थ तयार होतो, तोच आपल्या रिपोर्टमध्ये मोजला जातो. तो रक्तातून वाहून नेणारे प्रथिन जीसी या जनुकावरून बनते. मूत्रपिंडात, आणि गर्भारपणात वारेतही, सीवायपी २७बी१ त्याला प्रत्यक्ष काम करणारे रूप देते, तर काम झालेले किंवा जास्तीचे जीवनसत्त्व मोडून टाकण्याचे काम सीवायपी २४ए१ कडे असते. पुडीतून घेतलेले जीवनसत्त्व त्वचेचा टप्पा गाळून थेट यकृताकडे जाते, हे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या जनुकांची रूपे माणसामाणसांत थोडी वेगळी असतात. २०१० साली युरोपीय वंशाच्या सुमारे तीस हजार व्यक्तींच्या अभ्यासात जीसी, डीएचसीआर ७ आणि सीवायपी २आर१ यांच्या परिसरातील फरकांचा रक्तातील पातळीशी संबंध स्पष्टपणे दिसला. पातळी खाली खेचणारी रूपे ज्यांच्यात सर्वाधिक जमली होती, त्यांच्यात कमतरतेची शक्यता सर्वांत कमी रूपे असणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट होती. २०२० साली ब्रिटनमधील चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून असे संबंध असलेल्या जनुकसंचातील १४३ जागा सापडल्या. तरीही लोकसंख्येतील सर्वसाधारण जनुकीय फरक एकत्र धरून पातळीतील फरकापैकी सुमारे १३ टक्केच उलगडा झाला. एकेका रूपाचा परिणाम बहुधा एक-दोन नॅनोग्रॅमच्या घरातला असतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून मात्र याहून बरेच मोठे आकडे आले आहेत आणि ते एकमेकांशी जुळतही नाहीत : स्वीडनमधील जुळ्यांमध्ये जनुकांचा प्रभाव उन्हाळ्यात दिसला आणि हिवाळ्यात दिसला नाही, तर अमेरिकेतील जुळ्या पुरुषांमध्ये नेमके उलट आढळले. त्यामुळे ‘ड जीवनसत्त्व इतके टक्के आनुवंशिक असते’ असे ठाम वाक्य कोणी ऐकवले, तर ते कोणत्या देशात आणि कोणत्या ऋतूत मोजले, हे विचारणे योग्य ठरते. ही बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, ही आणखी एक मर्यादा.

गर्भारपणात पुडी किंवा गोळी घेतल्यावर पातळी किती वाढते, याचाही जनुकांच्या अंगाने अभ्यास झाला आहे. ब्रिटनमधील माव्हिडॉस या चाचणीत गर्भवतींना रोज १,००० युनिट देण्यात आले होते. त्यांच्यात डीएचसीआर ७ चा संबंध सुरुवातीच्या पातळीशी दिसला, परंतु औषध घेतल्यानंतर गाठलेल्या पातळीशी सीवायपी २आर१ आणि जीसी यांचा संबंध आढळला. वर सांगितलेल्या टप्प्यांशी हे सुसंगतच आहे. म्हणजे आपल्या आणि आपल्या जावेच्या रिपोर्टमधील तफावतीचा काही भाग असाही असू शकतो. एका घरात नांदत असलात तरी जनुके आपापल्या माहेरची असतात.

परंतु त्याआधी काही गोष्टी तपासाव्यात, कारण त्यांचा परिणाम याहून पुष्कळ मोठा असतो. आपले वजन जावेपेक्षा बरेच अधिक असेल तर तितक्याच मात्रेने पातळी कमी वाढते. पुडी उपाशीपोटी घेतली की दूध-तूप असलेल्या जेवणानंतर, यानेही फरक पडतो, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबर अधिक चांगले शोषले जाते. मळमळीच्या दिवसांत काही पुड्या उलटून पडल्या किंवा राहून गेल्या असतील, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. फिट्स येऊ नयेत म्हणून दिली जाणारी काही औषधे आणि क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन यांमुळे जीवनसत्त्व लवकर मोडले जाते. वारंवार जुलाब होणे, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन न वाढणे अशा तक्रारी सोबत असतील, तर गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सिलिअ‍ॅक आजार आहे का, हे पाहावे लागते. आणि दोन्ही वेळच्या तपासण्या एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने झाल्या होत्या का? पद्धत बदलली तर तोच नमुना काही अंकांनी वर-खाली येऊ शकतो, आणि आपला सगळा प्रश्न तीन अंकांचा आहे.

आणखी एक मुद्दा रिपोर्टवर कधीच छापलेला नसतो. रक्तातील बहुतेक सर्व ‘ड’ जीवनसत्त्व जीसीच्या प्रथिनाला चिकटलेले असते आणि नेहमीची तपासणी चिकटलेले व मोकळे असे दोन्ही मिळून मोजते. ज्यांच्यात हे प्रथिन मुळात कमी बनते, त्यांची एकूण पातळी कमी दिसते. पेशींना मिळणारा मोकळा भाग त्याच प्रमाणात कमी असेलच असे नाही. २०१९ साली एका स्त्रीची माहिती प्रसिद्ध झाली, जिच्यात जीसी जनुकाच्या दोन्ही प्रती संपूर्ण गहाळ होत्या. औषधे घेऊनही तिची पातळी नगण्य राहिली, परंतु इतक्या कमी आकड्यावरून अपेक्षित असलेला हाडांचा गंभीर आजार तिला नव्हता. हे उदाहरण अगदी टोकाचे आहे आणि त्यावरून आपला १९ हा आकडा सोडून द्यावा असा अर्थ मी काढत नाही. आकडा आणि आजार यांच्यामधले अंतर मात्र त्यातून दिसते. त्यात गर्भारपणात हे वाहक प्रथिन वाढते, तर कार्यक्षम रूपाची पातळी दुप्पट-तिप्पट होते, कारण बाळाच्या हाडांसाठी आईच्या आतड्यांना अधिक कॅल्शियम शोषून घ्यायचे असते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यातील बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत जमा होते.

आता बाळाविषयी. बाळाला आपली निम्मी जनुके मिळतील आणि निम्मी वडिलांची, त्यामुळे आपल्यातील एखादे रूप त्याच्याकडे जाईल किंवा जाणारही नाही. डेन्मार्कमध्ये साठ हजारांहून अधिक नवजात बालकांच्या टाचेतून घेतलेल्या वाळलेल्या रक्तथेंबांवर तपासणी झाली तेव्हा बाळाच्या वाहक प्रथिनाची पातळी मोठ्या अंशी त्याच्या स्वतःच्या जीसी जनुकावर ठरते असे दिसले. परंतु बाळाजवळ जन्मतः असणारा साठा आईकडूनच येतो. नाळेतील रक्तातली पातळी आईच्या पातळीच्या साधारण ५० ते ८० टक्के असते. लखनौमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या २०७ गर्भवतींच्या अभ्यासात मातांची सरासरी १४ आणि नाळेतील रक्ताची सुमारे ८ होती. या पुरवठ्यासाठी वारेत एक सोयही असते : जीवनसत्त्व मोडणारे सीवायपी २४ए१ हे जनुक तेथे मेथिलेशन या रासायनिक खुणेने बऱ्याच अंशी दाबलेले असते. म्हणून बाळासाठी आपण जे करू शकता ते आपल्या स्वतःच्या पातळीतूनच.

जनुकीय चाचणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समजा, चाचणीत सीवायपी २आर१ चे ‘मंद’ रूप आले, तर डॉक्टर मात्रा थोडी वाढवतील किंवा अधिक दिवस देतील आणि पुन्हा पातळी तपासतील. चाचणी न करताही त्यांना नेमके हेच करायचे आहे. हाडांच्या आरोग्यासाठी २० ही पातळी पुरेशी मानली जाते आणि आपण तिच्या उंबरठ्यावर आहात. यापुढे आठवड्याची मोठी पुडी चालू ठेवायची की रोजची लहान मात्रा घ्यायची, हे डॉक्टरांना विचारावे. देखरेखीशिवाय गर्भवतींनी रोज ४,००० युनिटची मर्यादा ओलांडू नये, आणि आठवड्याला ६०,००० म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांहून अधिक होतात.

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार. सून छाटणीपासून तोडणीपर्यंत दिवसभर बागेत असते, तरी सातव्या महिन्यात तिचा रिपोर्ट ११ आला. आमच्याकडे उन्हाला काय तोटा? मग हे तिच्या माहेरच्या वंशातूनच आले असे समजावे का?

उत्तर : सासूबाईंनी हा प्रश्न विचारला आहे, म्हणून आधी एवढेच सांगतो की या आकड्यावरून सुनेच्या माहेराविषयी कोणताही निष्कर्ष निघत नाही. भारतात उन्हात काम करणाऱ्या लोकांमध्येही ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते.

बागेतील बाई उन्हात असते, परंतु तिची त्वचा उन्हात असतेच असे नाही. डोक्यावरून आणि तोंडावरून घट्ट बांधलेला स्कार्फ, साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि वर मांडवाचा पाला, एवढ्यातून किती ऊन अंगाला लागते, हे आपण पाहतच असाल. उन्हापासून आणि फवारणीपासून बचावासाठी हा पेहराव आवश्यकच आहे. तो सोडा असे मी म्हणणार नाही. दुसरे कारण वेळेचे. जीवनसत्त्व तयार करणारी अतिनील ‘ब’ किरणे सूर्य वर चढल्यावरच पुरेशी मिळतात. अंगणात उभे राहून आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली, तर ती वेळ उपयोगाची समजावी. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि येथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या सुमारास. मे महिन्याच्या उत्तरार्धात तो जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे सावली उंचीपेक्षा आखूड असण्याचा काळ दुपारी थोडाच वेळ मिळतो. पावसाळ्यात चार महिने ढग. सकाळी सातच्या उन्हात काम केल्याने घाम येतो, जीवनसत्त्व फारसे बनत नाही.

वंशाचा भाग येथे आहे, परंतु तो मुख्यतः त्वचेच्या वर्णातून. त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य किती बनावे हे जनुके ठरवतात, आणि सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व बनवण्यासाठी गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ ऊन लागते. हा वारसा आपल्या सुनेपुरता नसून आपणा बहुतेकांचा आहे.

आहारातील कॅल्शियमकडे मात्र आपल्याकडे फारच दुर्लक्ष होते, आणि ते ‘ड’ जीवनसत्त्वाशी थेट जोडलेले आहे : कॅल्शियम कमी मिळाले की शरीर कार्यक्षम रूप अधिक बनवते आणि त्या ओघात साठ्यातले जीवनसत्त्वही वेगाने खर्ची पडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने गर्भवतींसाठी रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. पेठ-सुरगाण्याकडे पिकणारी नागली यात उत्तम. तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नागलीची भाकरी आणि रोज दूध किंवा ताक एवढ्याने मोठा पल्ला गाठता येतो. शासकीय उपकेंद्रात गर्भवतींना मिळणाऱ्या कॅल्शियमच्या प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमसोबत २५० युनिट ‘ड३’ असते. चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या घ्यायच्या असतात. त्या जेवणानंतर घ्याव्यात आणि लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नये, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. ११ ही पातळी या गोळ्यांवर सोडून देण्याइतकी मात्र नाही. १२ च्या खालची पातळी खरी कमतरता समजली जाते, म्हणून उपचाराची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. सातव्या महिन्यात भर दुपारी बागेत राबवून जीवनसत्त्व मिळवण्याचा विचारही करू नये. हिवाळ्यात घराच्या ओट्यावर दुपारी थोडा वेळ हात-पाय उघडे ठेवून बसले तरी चालेल, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात औषधच बरे.

प्रश्न : माझ्या पहिल्या बाळंतपणात रक्तदाब वाढून बाळ लवकर झाले. ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर घेतले तर या वेळी ते टळेल, असे वाचले. खरे आहे का? (पंचवटी)

उत्तर : ज्यांच्यात ‘ड’ जीवनसत्त्व कमी असते त्यांच्यात रक्तदाबाचा त्रास अधिक आढळतो, हे अनेक निरीक्षणांत दिसले आहे. परंतु वजन जास्त असणे, घराबाहेर कमी पडणे, आहार निकृष्ट असणे या गोष्टी दोन्हींच्या मुळाशी असू शकतात, आणि मग जीवनसत्त्वावर उगाच आळ येतो. हा गुंता सोडवण्यासाठी जनुकांचा फार कल्पक उपयोग केला जातो. पातळी किंचित कमी ठेवणारी जनुके कोणाच्या वाट्याला येतील, हे चिठ्ठी टाकून ठरवावे तसे गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. त्यावर वजनाचा किंवा राहणीमानाचा प्रभाव नसतो. म्हणून कमी पातळीमुळेच रक्तदाब वाढत असेल, तर ही जनुके असणाऱ्या स्त्रियांमध्ये तो अधिक आढळायला हवा. २०१८ साली याच रीतीने केलेल्या युरोपीय अभ्यासात तसा भक्कम पुरावा मिळाला नाही.

प्रत्यक्ष औषध देऊन केलेल्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. ढाक्यात सुमारे १,३०० गर्भवतींना आठवड्याला २८,००० युनिटपर्यंतच्या निरनिराळ्या मात्रा दिल्या गेल्या, तरी बाळांच्या वाढीत फरक पडला नाही. हा निकाल २०१८ साली आला, आणि तेथील स्त्रियांमध्ये कमतरता बरीच होती हे लक्षात घेता तो मला अधिक वजनाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना सर्व गर्भवतींना सरसकट ‘ड’ जीवनसत्त्व देण्याची शिफारस करत नाही. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने मात्र २०२४ साली, गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार आणि अकाली प्रसूती यांसारखे धोके कमी होण्याची शक्यता गृहीत धरून, ते द्यावे असे सुचवले आहे. पातळीची सरसकट तपासणी मात्र नको, असेही त्याच सूचनांमध्ये आहे. दोन मान्यवर संस्था वेगवेगळे सांगतात तेव्हा माझा कल मधल्या वाटेकडे असतो : रोजची माफक मात्रा घ्यावी, कमतरता असेल तर ती भरून काढावी, आणि रक्तदाबासाठी त्यावर विसंबू नये. आपल्या पूर्वेतिहासात खरी उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन सुरू करायची का, हे बाराव्या आठवड्याच्या सुमारास आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी अवश्य बोलावे.

प्रश्न : माझे लग्न सख्ख्या मामाच्या मुलीशी झाले आहे. पत्नीच्या भावाच्या मुलाला मुडदूस झाला, नेहमीच्या औषधाने बरा झाला नाही, आणि शेवटी तो ‘जनुकीय’ असल्याचे निदान झाले. पत्नीला तिसरा महिना आहे. आमच्या बाळाला धोका आहे का? (सिन्नर)

उत्तर : पहिल्या पत्रातील वाचक भगिनींना मी जनुकीय चाचणी नको म्हटले, आपल्याला मात्र ती करावी असे सुचवतो. वर ज्या फरकांविषयी लिहिले ते पातळी किंचित हलवणारे आणि सर्वत्र आढळणारे आहेत. आपल्या नात्यातील मुलाला झालेला आजार बहुधा एकाच जनुकातील मोठ्या बिघाडाचा असावा, आणि त्याचे गणित सर्वस्वी वेगळे असते.

नेहमीच्या औषधाने न हटणाऱ्या मुडदुसाचे एक कारण म्हणजे सीवायपी २७बी१ हे जनुक निकामी असणे. अशा मुलाच्या शरीरात जीवनसत्त्व असते, पण त्याला कार्यक्षम रूप मिळत नाही. म्हणून त्याला साध्या पुड्यांऐवजी कॅल्सिट्रिऑलसारखे तयार कार्यक्षम औषध द्यावे लागते आणि त्याने तो चांगला सुधारतो. हा आजार अप्रभावी प्रकारचा असतो, म्हणजे आई व वडील या दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच तो होतो. पेशींमध्ये हे जीवनसत्त्व स्वीकारणाऱ्या ग्राहक प्रथिनाच्या (रिसेप्टरच्या) व्हीडीआर या जनुकातील बिघाडानेही असा मुडदूस होतो आणि त्यात पुष्कळदा डोक्यावर व अंगावर केसच नसतात. परंतु आनुवंशिक मुडदुसाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार यांहून निराळा आहे : त्यात शरीरातील फॉस्फेट लघवीवाटे निघून जाते, त्याचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असते आणि तो एका पालकाकडूनही येऊ शकतो. यांपैकी नेमका कोणता, हे कळल्याशिवाय पुढचे गणित मांडता येत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे त्या मुलाचा जनुकीय रिपोर्ट मिळवणे.

तो अप्रभावी प्रकारचा निघाला तर हिशेब असा. मुलाचे वडील, म्हणजे आपले मेव्हणे, वाहक ठरतात. त्यांना ती प्रत आपल्या मामांकडून किंवा मामींकडून मिळाली असणार. ती मामांकडून आली असण्याची शक्यता निम्मी. तसे असेल तर आपली पत्नी वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि, आपल्या आईच्या मार्गाने, आपण वाहक असण्याची एक चतुर्थांश. हे सर्व जुळून येण्याची शक्यता १६ मध्ये १, आणि दोघेही वाहक असताना बाळाला आजार होण्याची शक्यता ४ मध्ये १. म्हणजे आज, कोणतीही चाचणी न करता, ती ६४ मध्ये १ च्या आसपास येते. घराण्यात याखेरीज नात्यातली आणखी लग्ने असतील तर हा आकडा वाढतो. मुलातील नेमका बिघाड कळला असेल तर आपण आणि पत्नी या दोघांच्या रक्तात फक्त तोच शोधायचा असतो. दोघांपैकी एकाच्या रक्तात जरी तो नसला, तरी चिंता मिटली. दोघांतही असेल तर जनुकीय समुपदेशक आणि स्त्रीरोगतज्ज्ञ पुढील पर्याय समजावून सांगतील. तिसरा महिना सुरू असल्यामुळे हे काम लांबवू नये.

असे बाळ जन्मतः बहुधा अगदी निरोगी दिसते, कारण गर्भात त्याला वारेतून कॅल्शियम मिळत राहते. लक्षणे पुढे, साधारण पहिल्या दोन वर्षांत दिसू लागतात. म्हणून ‘जन्मतः सर्व काही ठीक होते’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

याच्या अगदी उलट स्थितीचाही उल्लेख केला पाहिजे, कारण ती प्रश्नांतून कोणीच विचारत नाही. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधाच्या भुकटीत ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर मिसळले जात होते. त्या काळात काही बाळांच्या रक्तातील कॅल्शियम धोकादायकरीत्या वाढले, पण सर्वांचे नाही. अशा प्रकारच्या आजारामागे जीवनसत्त्व मोडणाऱ्या सीवायपी २४ए१ या जनुकातील बिघाड असू शकतो, हे २०११ साली उघड झाले. हा बिघाड असलेली स्त्री एरवी ठीक असते, परंतु गर्भारपणात कार्यक्षम रूप नैसर्गिकपणे वाढते तेव्हा तिचे कॅल्शियम चढू शकते, आणि त्यात मोठ्या पुड्यांची भर पडली तर अधिकच. तरुण वयात वारंवार मुतखडे होणे किंवा घरात कोणाचे कॅल्शियम विनाकारण वाढलेले असणे असा इतिहास असेल, तर पुडी सुरू करण्यापूर्वी तो डॉक्टरांना सांगावा. एवढे सांगायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : आमचे बाळ बारा दिवसांचे आहे. गर्भारपणात पत्नीचे ‘ड’ जीवनसत्त्व ३४ होते, तरी बालरोगतज्ज्ञांनी बाळाला थेंब लिहून दिले आहेत. आई म्हणते की कोवळ्या उन्हात ठेवले आणि अंगावरचे दूध पाजले की पुरे. काय करावे? (इंदिरानगर)

उत्तर : थेंब द्यावेत. पत्नीची पातळी चांगली होती म्हणून बाळ चांगला साठा घेऊन आले आहे, परंतु हा साठा दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो आणि नंतर पुन्हा तितक्याच काळात निम्मा होतो. आईच्या दुधात बाकी सर्व काही असले तरी ‘ड’ जीवनसत्त्व फारच थोडे असते : एका लिटरमध्ये साधारण २० ते ८० युनिट, आणि बाळाला रोज हवे ४००. पहिले वर्षभर रोज ४०० युनिट द्यावे, अशीच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. यासाठी बाळाची जनुके किंवा त्याची पातळी तपासण्याची गरज नसते. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे असेल तर मात्रा डॉक्टरांनी ठरवलेली असावी.

आपल्या आईंचे कोवळे ऊन बंद करू नका. सकाळी बाळाला मोकळ्या हवेत आणणे चांगलेच आहे. फक्त त्या वेळी अतिनील ‘ब’ किरणे नगण्य असतात, आणि जेव्हा ती भरपूर असतात तेव्हाच्या उन्हात इतक्या लहान बाळाची त्वचा ठेवणे योग्य नाही. कावीळ दिसत असेल तर तिच्यासाठीही उन्हावर विसंबू नये, बाळ दाखवावे. बाळाला आकडी आली, हात-पाय सतत थरथरू लागले किंवा दूध पिताना धाप लागली, तर ते लगेच रुग्णालयात न्यावे. तीव्र कमतरतेत कॅल्शियम घसरून असे होऊ शकते, आणि क्वचित हृदयाचे स्नायूही दुबळे होतात.

थेंबांच्या बाटलीवरील मजकूर मात्र स्वतः वाचा. काही बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींत ८००, आणि परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या काही बाटल्यांत एका थेंबातच ४०० असतात. दुकानदाराने नेहमीची बाटली नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची दिली, तर मागचे ड्रॉपर आणि मागचे माप तिच्यासाठी वापरू नये. नव्या बाटलीचे किती मिलिलिटर द्यायचे हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि घरात बाळाला थेंब देण्याचे काम शक्यतो एकाच व्यक्तीकडे ठेवावे, म्हणजे आजी आणि आई दोघींनी एकाच दिवशी दिले असे होणार नाही.